‘कंट्रोल-सी’चा वारसा : युनिक्समधील एका दोषाची वंशावळ

यंत्र सुरू कसे करावे याविषयी कारागिरांनी व ग्रंथकारांनी विपुल लिहिले आहे. ते थांबवावे कसे, या प्रश्नाकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने क्वचितच गेले आहे. वस्तुतः माणूस व यंत्र यांच्यामधील नाते कोणत्या प्रकारचे आहे हे थांबविण्याच्या साधनावरून अधिक स्पष्टपणे कळते. अंबरनाथ येथे १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी स्थापन झाली आणि पुढे अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. अशा वसाहतींत यंत्रावर काम करणाऱ्या कामगारास लाल छत्रीच्या आकाराचे बटण चांगले परिचित असते. ते दाबले की विजेचे मंडल तुटते व यंत्र थांबते. थांबावे की न थांबावे हा प्रश्न यंत्रास विचारला जात नाही. संगणकाच्या टर्मिनलवर चाललेला प्रोग्राम थांबविण्यासाठी ‘कंट्रोल’ व ‘सी’ या दोन कळा एकत्र दाबल्या जातात, तेव्हा दाबणाऱ्याची समजूत अशीच असते की आपण लाल बटण दाबले. ही समजूत बरोबर नाही. कंट्रोल-सी हा एक निरोप आहे. तो वाटेत अनेक हातांतून जातो आणि ज्याच्यासाठी असतो त्याला तो न ऐकण्याची मुभा असते.

ही मुभा कोठून आली आणि ज्या कारणासाठी ती दिली गेली ते कारण संपल्यावरही ती का उरली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. विषय वरवर पाहता तांत्रिक व क्षुल्लक वाटेल. परंतु जुन्या व्यवस्थेचा एखादा नियम नव्या व्यवस्थेत निमूटपणे शिरतो आणि तेथे दोषाचे रूप घेतो, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकास अनोळखी नाही.

प्रथम दोषाचे स्वरूप पाहू. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूर येथील एखादा पदवीचा विद्यार्थी घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवितो. यंत्राची शक्ती बेताची असल्यामुळे तो भारदस्त डेस्कटॉपऐवजी हलका विंडो मॅनेजर निवडतो व तो सुरू करण्यासाठी चार ओळींची स्क्रिप्ट लिहितो. विंडो मॅनेजरच्या यादीतून टर्मिनल उघडतो, त्यात एक प्रोग्राम चालवितो, आणि प्रोग्रामातील चुकीमुळे तो न संपणाऱ्या आवर्तनात सापडून डिस्कवर फाइलीमागून फाइली लिहीत सुटतो. विद्यार्थी कंट्रोल-सी दाबतो. पडद्यावर टोपीसारखे चिन्ह व त्यापुढे ‘सी’ हे अक्षर उमटते. प्रोग्राम चालूच राहतो. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. अखेरीस खिडकीच बंद करावी लागते किंवा संगणकाची वीज तोडावी लागते, आणि तोवर डिस्क भरलेली असते; दुसऱ्या खिडकीतील न साठविलेले लेखनही जाते. विशेष हे की त्याच संगणकावर, विंडो मॅनेजर सुरू न करता, साध्या काळ्या पडद्यावर तोच प्रोग्राम चालविला तर कंट्रोल-सी निर्दोषपणे काम करते.

अशा वेळी संशय प्रथम कळफलकावर जातो, मग टर्मिनलवर, मग विंडो मॅनेजरवर. यांपैकी कोणास किती दोष द्यावयाचा हे ठरविण्यासाठी या कळीचा पूर्वेतिहास तपासणे अवश्य आहे.

बोलणाऱ्याला मध्येच तोडण्याची सोय तारयंत्राइतकीच जुनी आहे. अमेरिकेत रूढ झालेल्या मोर्सच्या बंद-मंडल पद्धतीत तारेतून विद्युत्प्रवाह सतत वाहत असे; घेणाऱ्याला काही कळले नाही तर तो आपली कळ उघडून प्रवाह तोडी आणि पाठविणाऱ्याला लगेच उमजे की पलीकडच्यास काही सांगावयाचे आहे. टेलिप्रिंटरवरील ‘ब्रेक’ ही कळ या प्रथेचीच वारस होय. ती दाबली असता कोणतेही अक्षर जात नाही. एका अक्षराला लागणाऱ्या वेळेपेक्षा अधिक काळ तार निष्प्रवाह राहते, एवढाच तिचा अर्थ. हा निरोप अक्षरांच्या जगाबाहेरचा होता आणि म्हणूनच तो कोणत्याही अक्षराशी गोंधळण्यासारखा नव्हता.

१९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत कॉर्बातो यांनी एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धती प्रत्यक्ष करून दाखविली, तेव्हापासून थांबविण्याच्या प्रश्नास नवे महत्त्व आले. एकट्या माणसाच्या ताब्यात यंत्र असता तो ते सरळ बंद करू शके. आता यंत्र बंद करणे म्हणजे इतर सर्वांचे काम मोडणे होते. आपलाच प्रोग्राम थांबावा व इतरांचे चालू राहावेत, यासाठी लाल बटणाची जागा निरोपाने घेणे अपरिहार्य होते.

हा निरोप कोणत्या खुणेने द्यावा याबाबत मात्र एकवाक्यता नव्हती. १९६३ मध्ये आस्की ही अक्षरसंकेतांची सारणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ० ते ३१ हे संकेत छापावयाच्या अक्षरांसाठी नसून नियंत्रणासाठी राखून ठेवले होते. कंट्रोल ही कळ अक्षराच्या संकेतातील वरचे अंश काढून टाकते. ‘सी’चा संकेत ६७, त्यातून ६४ वजा जाता ३ उरतात. या तिसऱ्या संकेताचा सारणीतील मूळ अर्थ निरोपाची समाप्ती, आणि पुढील सुधारणेनंतर मजकुराची समाप्ती, असा होता. थांबविणे हा अर्थ त्याला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या यंत्रांवर चिकटला. तेथे कंट्रोल-सी दाबले की चालू प्रोग्राम बाजूला पडून यंत्राचा मुख्य नियंत्रक वापरणाऱ्यासमोर येई. मुंबईत या प्रघाताची ओळख युनिक्सच्या आधीच झालेली होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्रात १९७० च्या दशकात याच कंपनीची डेक-१० ही प्रणाली बसविण्यात आली होती.

युनिक्सने मात्र प्रारंभी हा प्रघात स्वीकारला नव्हता. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून रचलेल्या या प्रणालीत थांबविण्याची कळ ‘रबआउट’ ही होती. तिचा आस्की संकेत १२७. छिद्रपट्टीवर चुकलेले अक्षर सातही छिद्रे पाडून खोडून टाकण्यासाठी तो मुळात योजला होता. अक्षर खोडण्यासाठी उलट ‘#’ हे चिन्ह आणि संपूर्ण ओळ खोडण्यासाठी ‘@’ हे चिन्ह वापरावे लागे. ज्यांचे हात डिजिटलच्या यंत्रांवर बसले होते त्यांना हे विचित्र वाटणे स्वाभाविक होते. बर्कली येथील विद्यापीठाने आपल्या आवृत्तीत टर्मिनलची मांडणी बदलणाऱ्या ‘एसटीटीवाय’ या आज्ञेस ‘डेक’ असा एक पर्यायच जोडला. तो दिला की रबआउट खोडण्याकडे व कंट्रोल-सी थांबविण्याकडे जाई. १९९१ मध्ये लिनक्स अवतरले ते कंट्रोल-सी गृहीत धरूनच. आज ज्याला युनिक्सची खूण समजले जाते ती अशा रीतीने युनिक्सच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरून आलेली आहे.

परंतु खूण कोणतीही असो, तिच्यामागील यंत्रणा महत्त्वाची. कळफलकावरून आलेला तिसरा संकेत प्रोग्रामला अक्षर म्हणून दिला जात नाही. प्रणालीच्या गाभ्यातील टर्मिनलचा चालक तो वाटेतच अडवितो, आणि त्याऐवजी त्या टर्मिनलशी संबंधित प्रक्रियांना ‘सिगिंट’ हा इंटरप्टचा सिग्नल पाठवितो. सिग्नल मिळालेल्या प्रक्रियेपुढे तीन मार्ग असतात: काहीच ठरविले नसेल तर मरणे, स्वतः नेमून दिलेले काम करणे, अथवा सिग्नलकडे पूर्ण दुर्लक्ष करणे. येथवर सर्व सरळ आहे. गुंतागुंत ‘संबंधित प्रक्रिया’ या शब्दांत आहे.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत युनिक्समध्ये एका टर्मिनलवरून सुरू केलेल्या सर्व प्रक्रियांचा एकच गट असे. आज्ञेच्या शेवटी ‘अँड’चे चिन्ह लिहिले की ती आज्ञा पार्श्वभूमीत चाले व वापरणारा समोर दुसरे काम करू शके, पण दोन्ही कामे गटाने एकच. समोरचे काम थांबविण्यासाठी कळ दाबली की तोच सिग्नल मागच्या कामासही मिळणार. समजा, दोन तास चालणारी गणना मागे ठेवून एखाद्याने समोर एक यादी छापावयास घेतली आणि यादी फार लांबली म्हणून थांबविली, तर गणनाही मेली असती. हा अनर्थ टाळण्यासाठी शेलने एक साधी युक्ती योजली. पार्श्वभूमीत पाठविलेल्या आज्ञेला जन्म देतानाच शेल तिच्यासाठी इंटरप्ट व त्याचा जोडीदार ‘क्विट’ हे दोन्ही सिग्नल दुर्लक्षित करून ठेवी. सातव्या आवृत्तीच्या बोर्न शेलच्या माहितीपुस्तिकेत हा नियम स्पष्ट शब्दांत नमूद आहे.

या युक्तीला दुसऱ्या एका नियमाचा आधार होता. युनिक्समध्ये एक प्रक्रिया जेव्हा आपल्या जागी नवा प्रोग्राम चढविते, तेव्हा सिग्नलसाठी तिने नेमून दिलेले काम रद्द होते. कारण ते काम जुन्या प्रोग्रामच्या मजकुरात असते आणि तो मजकूरच उरत नाही. परंतु दुर्लक्ष करण्यासाठी कोणताही मजकूर लागत नाही, म्हणून दुर्लक्ष तसेच टिकते. ते मुलांना मिळते, नातवंडांना मिळते, आणि मध्ये कितीही प्रोग्राम बदलले तरी वंशात उतरत राहते. सिग्नलला उत्तर देण्याची रीत वारशाने जात नाही. उत्तर न देण्याची मात्र जाते. सौजन्याची गोष्ट अशी की त्या काळचे जाणते प्रोग्रामकार हा वारसा मोडत नसत. सिग्नलसाठी स्वतःचे काम नेमण्यापूर्वी तो आधीच दुर्लक्षित आहे काय हे तपासावे व असल्यास हात लावू नये, असा शिष्टाचार रूढ झाला. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्निघन व पाइक यांच्या युनिक्सवरील ग्रंथात तो आवर्जून शिकविला आहे. आजही पायथन ही भाषा हाच शिष्टाचार पाळते. जन्मतः इंटरप्ट दुर्लक्षित असेल तर ती कळीच्या दाबण्याचे रूपांतर अपवादात करीतच नाही, आणि मग विद्यार्थ्याची अशी तक्रार होते की आपला पायथन मोडला आहे.

या दुर्लक्षाचा उपयोग केवळ गणना वाचविण्यासाठी झाला नाही. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर भारतीय बँकांच्या शाखांत यंत्रीकरणास चालना मिळाली, आणि पुढील काळात अनेक ठिकाणी युनिक्स किंवा झेनिक्सवर चालणारे एक यंत्र व त्याला सिरियल तारेने जोडलेली काही मुकी टर्मिनले अशी मांडणी दिसू लागली. अशा मांडणीत कर्मचाऱ्याने ठरलेल्या मेन्यूतच राहावे, मधेच कळ दाबून शेलच्या उघड्या आवारात उतरू नये, अशी अपेक्षा असते. त्यासाठी युनिक्समध्ये प्रचलित असलेला उपाय म्हणजे प्रवेशाच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत एका ओळीने इंटरप्ट दुर्लक्षित करून टाकणे. तेथून पुढे चालणारे सर्व काही त्या वारशाखाली येई. म्हणजे घरच्या संगणकावर जो दोष ठरतो तोच गुण बँकेच्या गल्ल्यावर कुलपाचे काम करी. नियम स्वभावतः वाईट नव्हता, हे यावरून ध्यानात यावे.

नियमामागचे मूळ कारण मात्र लवकरच नाहीसे झाले. ऑस्ट्रियातील लाक्सेनबुर्ग येथे जिम कल्प यांनी प्रक्रियांवर नियंत्रण ठेवण्याची एक नवी पद्धती रचली आणि ती १९८० च्या बर्कली आवृत्तीत समाविष्ट झाली. तिच्यात प्रत्येक कामास स्वतःचा गट मिळाला. इंटरप्ट केवळ समोरच्या गटास जाऊ लागला. मागचे काम आता गटभेदानेच सुरक्षित झाले होते, त्याला बहिरे करण्याची गरज उरली नव्हती. माणूस समोर बसून ज्या शेलशी बोलतो तो शेल त्यानंतर पार्श्वभूमीतील आज्ञांना बहिरे करीत नाही. पण फाइलीतून वाचून चालणारा शेल कामांचे असे गट सहसा करीत नाही, आणि म्हणून त्याच्यासाठी जुना नियम जसाच्या तसा ठेवला गेला. पुढे पॉझिक्स या मानकाने तो शब्दबद्ध केला व आणखी एक कलम जोडले: जन्मतः दुर्लक्षित असलेला सिग्नल अशा शेलला स्वतः पूर्ववत करता येत नाही.

उल्हासनगरच्या रहिवाशास अशा अवशेषाचे आश्चर्य वाटू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणची लष्करी छावणी उठली, तिच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे वसली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले. तरीही पत्ता सांगताना लोक आजही कॅम्प नंबर तीन किंवा कॅम्प नंबर पाच असेच म्हणतात. तेथे नाव उरल्याने कोणाचे नुकसान झाले नाही. येथे नियम उरला, आणि १९८० च्या दशकात त्याच्या भोवतालची सर्व रचनाच बदलली.

हा बदल खिडक्यांचा होता. एमआयटीच्या अथेना प्रकल्पातून १९८४ मध्ये ‘एक्स’ ही खिडक्यांची प्रणाली निघाली. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये प्रसृत झाली. तिच्यात विंडो मॅनेजर हा प्रणालीच्या गाभ्याचा भाग नसून इतरांसारखाच एक प्रोग्राम असतो. खिडक्यांना चौकट लावणे, त्या हलविणे, यादीतून नवे प्रोग्राम सुरू करणे ही त्याची कामे. टर्मिनलही आता काचेचे व पत्र्याचे यंत्र राहिले नाही. ते खिडकीत चालणारे सोंग झाले, आणि गाभ्याशी त्याचा संबंध पीटीवाय नावाच्या आभासी तारेने जुळविला गेला.

जुन्या मांडणीत टर्मिनलवरील शेलची वंशावळ फार लहान व स्वच्छ असे. प्रणाली सुरू होताच ‘इनिट’ ही आद्य प्रक्रिया जन्मास येई. ती प्रत्येक तारेवर एक पहारेकरी बसवी. पहारेकरी प्रवेशाचा प्रोग्राम बोलावी. तो नाव व परवलीचा शब्द तपासून शेल देई. या वंशात कोणीही ‘अँड’च्या चिन्हाने जन्मलेला नव्हता. नव्या मांडणीत खिडकीतील शेलचा बाप टर्मिनलचे सोंग, आजा विंडो मॅनेजर, आणि पणजा ती चार ओळींची स्क्रिप्ट. एक्सबरोबर जी नमुन्याची प्रारंभ-फाइल वितरित केली जात असे ती या दृष्टीने एक महत्त्वाचे साधन आहे. तिच्यात ‘टीडब्ल्यूएम’ हा विंडो मॅनेजर, घड्याळ आणि दोन टर्मिनले ही सर्व ‘अँड’चे चिन्ह लावून पार्श्वभूमीत सोडलेली आहेत, शेवटच्या टर्मिनलपुढे मात्र ‘एक्झेक’ हा शब्द आहे, म्हणजे तो स्वतः स्क्रिप्टची जागा घेतो. फाइलीतून वाचणाऱ्या शेलचा नियम येथे अक्षरशः लागू पडतो. विंडो मॅनेजर जन्मतः इंटरप्टला बहिरा होतो, आणि त्याच्या यादीतून जे जे उघडले जाते ते ते त्याच वंशात जन्मते. ही फाइल पाहून असंख्यांनी आपापल्या फाइली लिहिल्या.

मग हा दोष सर्वांनाच सर्वदा का जाणवला नाही? याचे उत्तर टर्मिनलांच्या सोंगांत आहे. त्यांपैकी काही प्रोग्राम आपल्या शेलला जन्म देताना सिग्नलांची स्थिती मुळावर आणतात. काही तसे करीत नाहीत. पहिल्या प्रकारचे टर्मिनल वापरणाऱ्याच्या लक्षात काहीच येत नाही. तो हौसेने दुसरे टर्मिनल बसवितो, आणि कंट्रोल-सी मुकी होते. साहजिकच तो नव्या टर्मिनलला दोष देतो. दुसरा कोणी विंडो मॅनेजर बदलतो, त्याबरोबर प्रारंभ-फाइलही नव्याने लिहितो, आणि दोष नाहीसा झाला की जुन्या विंडो मॅनेजरला दोषी ठरवितो. वास्तविक नव्या फाइलीत त्याने फक्त ‘अँड’ ऐवजी ‘एक्झेक’ लिहिलेले असते.

दोष कोणाचा, याबाबत तीन पक्ष संभवतात. शेलने कालबाह्य नियम सोडावा हा पहिला. परंतु मानकात लिहिलेल्या व असंख्य जुन्या स्क्रिप्टांनी गृहीत धरलेल्या नियमास हात लावणे सोपे नाही. विंडो मॅनेजरने आपली मुले शुद्ध करून सोडावीत हा दुसरा. त्यात तथ्य आहे, पण विंडो मॅनेजर घड्याळही उघडतो व चित्रेही उघडतो, त्यांना टर्मिनलच्या सिग्नलाशी कर्तव्य नसते. तिसरा पक्ष टर्मिनलच्या सोंगावर जबाबदारी टाकतो, आणि तोच अधिक सयुक्तिक दिसतो. कारण नव्या तारेवर नवे सत्र सुरू करण्याचे जे काम पूर्वी इनिटपासून निघालेली साखळी करी, ते आता हे सोंग करते. त्याने त्या साखळीची जागा घेतली, तर तिने दिलेली स्वच्छ सुरुवातही त्यानेच द्यावयास हवी होती. काहींनी ती दिली, काहींच्या हे ध्यानातच आले नाही.

आता निदानाकडे वळू. कंट्रोल-सी चालत नाही या एकाच तक्रारीखाली निरनिराळे दोष येतात, आणि त्यांत वारशाचा दोष नेमका ओळखण्यास एक सुंदर खूण आहे. शेलचा नियम इंटरप्ट व क्विट या दोघांनाच एकत्र बहिरे करतो. तेव्हा कंट्रोल-सी मुकी, क्विटची कळ असलेली कंट्रोल-उलटी तिरकी रेघ हीही मुकी, पण काम तहकूब करणारी कंट्रोल-झेड मात्र जिवंत, असे आढळल्यास वंशात कोठेतरी ‘अँड’चे चिन्ह आहे असे जवळजवळ निश्चयाने म्हणता येते. लिनक्सवर याचा कागदोपत्री पुरावाही मिळतो. ‘प्रॉक’ या निर्देशिकेत प्रत्येक प्रक्रियेच्या क्रमांकाखाली ‘स्टेटस’ नावाची फाइल असते व तीत दुर्लक्षित सिग्नलांची एक ओळ असते. इंटरप्टचा क्रमांक २ व क्विटचा ३. त्यांचे अंश अनुक्रमे २ व ४ मोजले जातात. त्या ओळीच्या शेवटी ६ हा अंक दिसला की जोडी सापडली. ही तपासणी शेलवर न करता शेलने चालविलेल्या एखाद्या साध्या आज्ञेवर करावी, कारण शेल स्वतःसाठी सिग्नलांची वेगळी व्यवस्था लावतो. प्रॉम्प्टवर कंट्रोल-सी चालते पण आज्ञेवर चालत नाही, या कोड्याचे उत्तरही तेच. मग बापाचा क्रमांक, आज्याचा क्रमांक असे मागे मागे जावे. ज्या पिढीत ६ प्रथम दिसतो तेथे दोषाचा उगम.

कंट्रोल-झेडही मुकी असेल तर शोध दुसरीकडे करावा लागतो. एखादा पूर्ण पडदा व्यापणारा प्रोग्राम मध्येच कोसळला तर टर्मिनलचा चालक कळांचे सिग्नल करणे सोडून देतो. ‘एसटीटीवाय सेन’ ही आज्ञा त्यावर पुरते. विंडो मॅनेजरने एखादी कळजोडी स्वतःसाठी राखून ठेवली असेल तर ती टर्मिनलपर्यंत येतच नाही आणि पडद्यावर टोपी व ‘सी’ही उमटत नाहीत, उमटली, तर निरोप निदान टर्मिनलच्या चालकापर्यंत पोहोचला हे सिद्ध होते. प्रक्रिया डिस्कची किंवा जाळ्यावरील दूरच्या साठ्याची वाट पाहत गाभ्यात अडकली असेल, तर सिग्नल दाराशी थांबून राहतो.

मराठी वापरणाऱ्यास आणखी एक दोष विशेषेकरून भेटतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेली व १९८८ मध्ये सुधारलेली इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी १९९१ च्या इस्की मानकातही घेतली गेली. तिच्यात ‘सी’च्या कळीवर ‘म’ हे अक्षर आहे. इस्कीने आपल्या सारणीचा खालचा अर्धा भाग आस्कीचाच ठेवला होता, त्यामुळे नियंत्रणाचे संकेत त्या मानकात अबाधित राहिले. एक्सच्या जगात मात्र कळीवरून प्रथम अक्षराचे नाव ठरते आणि मग संकेत. मराठी मांडणी चालू असता कंट्रोल व ती कळ दाबली की ‘कंट्रोल-म’ तयार होते, आणि ‘म’मधून ६४ वजा करून काही निष्पन्न होत नाही. काही टर्मिनल प्रोग्राम अशा वेळी दुसऱ्या मांडणीतील लॅटिन अक्षर शोधून घेतात. काही तसे करीत नाहीत. निबंध लिहिता लिहिता टर्मिनलकडे वळलेल्या विद्यार्थ्याने कळफलकाला दोष देण्यापूर्वी मांडणी पाहावी, एवढे पुरे. हा दोष वारशाचा नव्हे. मांडणी बदलताच तो जातो.

वारशाच्या दोषावरील उपाय त्याच्या उगमाशी करावयाचे असतात. मुकी झालेल्या शेलमध्ये बसून कळांची जुळणी कितीही बदलली तरी उपयोग नाही, कारण कळ बिघडलेलीच नाही. प्रारंभ-फाइलीत विंडो मॅनेजर शेवटच्या ओळीवर आणून त्यापुढे ‘एक्झेक’ लिहावे, हा सर्वांत जुना व सर्वांत सरळ उपाय. त्यामुळे तो पार्श्वभूमीत जन्मतच नाही. ते शक्य नसेल तर फाइलीच्या आरंभी ‘सेट’ या आज्ञेने कामांचे स्वतंत्र गट करण्याची पद्धती चालू करता येते, म्हणजे शेलला बहिरे करण्याचे कारणच उरत नाही. ज्यांना फाइलीस हात लावावयाचा नाही त्यांच्यासाठी ग्नूच्या ‘एन्व्ह’ या आज्ञेत २०१९ च्या ८.३१ आवृत्तीपासून एक पर्याय आला आहे. तो ठरावीक सिग्नल मुळावर आणून मग पुढील प्रोग्राम सुरू करतो. विंडो मॅनेजरच्या यादीत टर्मिनलच्या नावाआधी तो लिहिला की त्या खिडकीपुरता वारसा तुटतो. शेलला स्वतःला जे मानकाने नाकारले ते या उपऱ्या आज्ञेस करता येते, कारण ती शेल नाही.

यापैकी कोणताही उपाय चालू असलेल्या सत्रात मागे जाऊन लागू होत नाही. जे टर्मिनल आधीच उघडलेले आहे त्यात आधीच चालू असलेल्या आज्ञा बहिऱ्याच राहतात, आणि त्यांना थांबविण्यासाठी दुसऱ्या खिडकीतून प्रक्रियेचा क्रमांक शोधून ‘किल’ या आज्ञेने ‘टर्म’ हा वेगळा सिग्नल पाठवावा लागतो. त्याचा क्रमांक १५. शेलच्या जुन्या नियमाने त्यास कधी हात लावलेला नाही.